बिनदाराचं घर

९ नोव्हेंबर, रविवार

आज भिंत पाडली. शिरगावात चौथ्या मजल्यावर शेजारशेजारचे दोन वन रूम किचन घेतले, तेव्हा लोकांना वाटलं एक राहायला आणि एक भाड्याला. माझ्या डोक्यात पहिल्यापासून एकच घर होतं. मधली भिंत नुसती विटांची आहे असं इंजिनियरने लिहून दिलं, सोसायटीने होकार दिला, आणि सदू सुताराच्या माणसांनी दुपारपर्यंत ती आडवी केली. धूळ बसल्यावर मी एका टोकाला उभा राहून टाळी वाजवली. टाळी पार दुसऱ्या टोकाला जाऊन परत आली. उल्हासनगरच्या बराकीत वाढलेल्या माणसाला टाळी परत यायची सवय नसते. तिथे शेजारीच ओरडायचे, "कोण आहे रे?"

ठरलंय ते असं. मुख्य दार आणि बाथरूमचं दार सोडलं तर घरात दार नाही. ओटा मधोमध आणि सगळं घर त्याच्याभोवती. बायको, सुंदरा, भाकऱ्या थापतेय, मी बाजूला बसून गप्पा मारतोय, पाहुणे जमिनीवर ऐसपैस बसलेत.

शरदचंद्र, म्हणजे हे फ्लॅट मिळवून देणारा एजंट, तोंड पाडून फिरत होता. "काका, एक तरी बेडरूम बंद ठेवा. उद्या विकायला काढलंत तर रिसेलला मार खाल. आजचं गिऱ्हाईक दोन मास्टर बेड मागतं, फॉल्स सीलिंग मागतं, देवघराला ईशान्येचा कोपरा मागतं."

"आमच्या घरात देवघर नसतं रे."

"तुमच्यात नसतं. गिऱ्हाइकात असेल ना!"

म्हणजे अजून न पाहिलेल्या माणसाच्या देवासाठी मी कोपरा मोकळा सोडायचा! म्हटलं, "बाबा, हे घर मी विकायला नाही बांधत. मला आणि सुंदराला आवडेल तसं बांधतोय."

दारांचं आणि माझं जमत नाही हे खरं. तरुणपणी एका कंपनीत होतो. एके दिवशी साहेबाच्या केबिनचं दार लागलं आणि उघडलं तेव्हा आमच्या पाळीतले सगळे कामावरून कमी. त्यानंतरच अंबरनाथला स्वतःचं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप टाकलं, चांगलंच झालं म्हणा. पण अजून कुठलं दार लागलं की मला वाटतं, आत माझ्याविषयी चाललंय.

१२ नोव्हेंबर

उल्हासनगरला, कॅम्प चारच्या सध्याच्या घरी सुंदरा मिक्सर रिकामा फिरवत होती. मला बाहेरच्या खोलीतून कळलं. भरलेल्या भांड्याचा आवाज जड असतो, रिकामं किंचाळतं. परवाही असंच ऐकलं होतं. मी ओरडलो, "अगं, रिकामा नको फिरवू, बेअरिंग जाईल!" ती म्हणाली, "हो." वय झालं की माणूस विसरभोळं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहू की नको असं झालंय.

सकाळी सुंदरा मोरीत नळ सोडून फोनवर बोलत होती. पलीकडे तिची धाकटी बहीण गोदू, मांजर्लीला राहणारी. नळाचा आवाज एका सुरात असतो, त्याच्या मागचं वेगळं काढता येतं. वर्कशॉपमध्ये दहा मोटरी चालू असताना मी अकरावीचा खडखडाट पकडतो. सुंदराचं वाक्य स्पष्ट होतं. "गोदे, मी नाही जायची त्या घरात. त्यांना जाऊ दे."

मी पेपर धरून बसलो. ती बाहेर आली, म्हणाली, "चहा टाकू का?" मी म्हटलं, "टाक."

धंद्यातला माझा नियम आहे. ऐकलेलं लगेच वापरायचं नाही. आधी बिघाड कुठे ते शोधायचं. पण चहाला चव नव्हती.

१८ नोव्हेंबर

संशय प्रज्वलवर. आमचा मुलगा पुण्यात कंप्युटरवर बसतो आणि बापाला मार्केट शिकवतो. फोन लावला.

"तू तुझ्या आईला काही भरवलंस का?"

"मी? पप्पा, मी एवढंच म्हटलं की दोन बेडरूम करा, सेफ राहतं. नंतर लिक्विडेट करायला सोपं."

"घर आहे की बर्फ, लिक्विडेट करायला?"

तो हसला. मग म्हणाला, "मम्मीला काय पाहिजे ते विचारलंत का तुम्ही?"

"विचारायचं काय त्यात? तिच्यासाठीच तर चाललंय सगळं."

फोन कट झाला. नेटवर्क गेलं असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

सुंदराला आणि गोदूला घर दाखवायला नेलं. बोलायचा मोका मी मुद्दाम तिला देत होतो. टाइल्स तिच्यापुढे मांडल्या. म्हटलं, "बोल, कुठली?" ती म्हणाली, "तुम्हाला आवडेल ती." ओट्याची उंची तिच्या कोपराला धरून मोजली. "बरोबर?" "बरोबर."

गोदूने चारी बाजूंना मान फिरवली. "दाजी, लपाछपी खेळायची सोय नाही ठेवली हो."

"आता कुणाला लपायचंय?"

सुंदरा म्हणाली, "बाथरूमला तरी दार आहे ना?"

सगळे हसलो. सदूच्या हातातला टेप सुटला. मीच सगळ्यात जास्त हसलो. सुंदराचा विनोद फार दिवसांनी ऐकला.

मागच्या कोपऱ्यातल्या खिडकीतून डोंगर दिसतो. तिथे ती बराच वेळ उभी राहिली. "इथे काय येणार?"

"माझी खुर्ची. इथे बसलं की अख्खं घर कानात. तू कुठेही बोल, मला ऐकू येणार."

ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि गोदू तिच्याकडे. जागा दोघींनाही आवडलेली दिसते. मग न जाण्याचं कारण काय?

२८ नोव्हेंबर

हल्ली फोन घेऊन ती गच्चीवर जाते. आज दुपारी मी लवकर घरी आलो आणि जिन्यात थांबलो. असं करू नये हे मला कळतं. तरी थांबलो. वरून आवाज नाही. कुजबूज नाही, रडणं नाही. शेवटी मान वर करून पाहिलं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत ती नुसती बसली होती. फोन मांडीवर, बंद. डोळे उघडे, चेहरा शांत.

बोलत असती तर बरं झालं असतं. कुणाशी, कशाबद्दल, ते तरी कळलं असतं. मी चपला हातात घेऊन खाली आलो. आपलं माणूस एकटं, काही न करता बसतं म्हणजे आत काहीतरी जळतंय.

१ डिसेंबर

तिला डॉक्टरकडे नेलं. रक्त, शुगर, थायरॉइड, छातीचा ईसीजी, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, "ताई तर तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत." मी विचारलं, "आणि मनाचं?" डॉक्टरांनी सुंदराकडे पाहिलं. सुंदराने माझ्याकडे.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "आता काय, खोलून बघणार मला?"

रिक्षावाला आरशातून बघत होता. मी म्हटलं, "गंमत करते."

"नाही करत," ती म्हणाली.



७ डिसेंबर, रविवार

दरवर्षी सहा डिसेंबरला आम्ही दोघं दादरला जातो. यंदा ती गोदूच्या मंडळाबरोबर गेली. मी वर्कशॉपच्या पोरांबरोबर गेलो, वाटलं रांगेत भेटेल. भेटली नाही. आज फोन आला. "गोदूकडेच आहे. राहते थोडे दिवस."

"थोडे म्हणजे?"

"थोडे."

चार जानेवारीला नव्या घरात वंदना ठेवलीय. बौद्धाचार्यांना सांगून झालंय, नातेवाइकांना बोलावणं गेलंय. बत्तीस वर्षांच्या संसारात ती आधी न सांगता कधी एक दिवस बाहेर राहिली नव्हती.

१० डिसेंबर

रिकाम्या घरात फ्रिज चालू होतो, बंद होतो. शेजारच्या कुकरची शिट्टी होते. मी दोनदा "काय?" म्हणून विचारलं. कुणी काही म्हटलं नव्हतं.

१४ डिसेंबर, रविवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

मांजर्लीला गेलो. गोदूचं घर तळमजल्याला. पुराच्या भीतीने तिने सगळं सामान माळ्यावर चढवलेलं असतं, त्यामुळे खाली बसायला भरपूर जागा. आतल्या खोलीचं दार लावलेलं.

"बसा दाजी. ती आत आहे."

"झोपली का?"

"काय माहीत. दुपारी दार लावून बसते. मी नाही विचारत."

"तुझ्या घरात बसलेली आणि तुला माहीत नाही?"

"नाही माहीत," गोदू म्हणाली आणि पोह्यांसाठी कांदा चिरायला बसली.

मी कान लावला. लावायचा नव्हता, तो आपोआप लागतो. आत पंखा, बाकी काही नाही. पोहे खाऊन झाले. मग कडी निघाली. सुंदरा बाहेर आली. मला बघून दचकली नाही, आनंदलीही नाही.

म्हटलं, "मी ऐकलंय. त्या घरात नाही जायची म्हणालीस."

"मला माहीत आहे तुम्ही ऐकलंय. तुम्ही ऐकत नाही असं काय असतं?"

"म्हणजे?"

"मी खोकले की तुम्ही बाहेरून विचारता, कोरडा का ओला. कपाट उघडलं की काय शोधतेस. उसासा टाकला की काय झालं. मिक्सर रिकामा का फिरवते माहीत आहे? तेवढा वेळ तुम्हाला मी ऐकू येत नाही."

मी गोदूकडे बघितलं. ती कांद्याची सालं गोळा करत होती.

"काय लपवायचंय तुला?" माझा आवाज चढला होता. "सांग ना. मी काय मारकुटा आहे? दारू पितो? शब्दाने बोललोय कधी?"

"नाही. तुम्ही चांगले आहात. म्हणून तर सांगता येत नाही कुणाला." तिचा आवाज चढला नव्हता. "लपवायचं काहीच नाही हो. मला दार पाहिजे. आतून लावायचं."

"म्हणजे शरदचंद्राचंच खरं! बंद बेडरूम पाहिजे!"

"त्याला विकायला पाहिजे. मला बसायला पाहिजे."

"दार लावून करणार काय तू आत?"

"बघा," ती गोदूला म्हणाली, "परत तेच."

मी उठलो. चपला घालताना म्हटलं, "चार तारखेला सगळे येणार आहेत. काय सांगू त्यांना?"

"ते तुम्ही ठरवा. घर तुमच्या आवडीचं आहे."

१५ डिसेंबर

काल चुकीचं काय बोललो ते सापडत नाही. ऐकणं हा गुन्हा आहे का? बराकीत पार्टिशन छताला टेकत नव्हतं. सगळ्यांना सगळ्यांचं ऐकू यायचं, म्हणून तर रात्री-अपरात्री माणसं धावून यायची. मी तिचा खोकला ऐकतो कारण मला तिची काळजी आहे. लोकांचे नवरे बायको मेली तरी पेपरातून मान वर करत नाहीत.

हे सगळं तिला फोनवर सांगावं म्हणून नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला. ती काय म्हणेल ते मला ऐकू आलं.

१८ डिसेंबर

शिरगावला गेलो. सदूला म्हटलं, "मागच्या कोपऱ्यात पार्टिशन टाक. खिडकी आत घे."

"स्टोअर का शेठ?"

"खोली."

"कुणाची?"

"बाईंची."

"पलंग बसायचा नाही."

"पलंगासाठी नाहीच."

सदूने पेन्सिल कानावरून काढली आणि पुढचं विचारलं नाही.

पटलंय असं नाही. पण मांजर्लीहून येताना एक गोष्ट डोक्यात बसली. मी "करणार काय" विचारलं तेव्हा तिचा चेहरा, चालत्या मोटरीत गिऱ्हाईक बोट घालायला लागलं की माझा होतो, तसा झाला होता.

२३ डिसेंबर

एकदा करायचं तर नीट करायचं. जनरेटरचा आवाज दाबायला आम्ही पेटी बांधतो, तशीच खोली बांधली. दुहेरी प्लाय, मध्ये आवाज शोषणारं रॉकवूल, दाराला चहूबाजूंनी रबर. आत रेडिओ लावला, बाहेर उभा राहिलो. सदू म्हणाला, "शेठ, एकदम चूप." मला बातम्या ऐकू येत होत्या. दाराच्या खाली फट होती, तिथे रबर वाढवलं. अजून येत होत्या. कोपऱ्यात जोड उघडा होता, तो भरला. दुपारी एकदाचं काही ऐकू येईना. सदू हात झाडत म्हणाला, "तुमच्याशीच भांडण चाललंय तुमचं."

शरदचंद्र डोकावला. दार ठोकून पाहिलं, आत गेला, बाहेर आला. "काका, आता तर संपलंच. पलंग बसत नाही, देव बसत नाहीत, फ्रिज जाणार नाही. हे गिऱ्हाइकाला काय म्हणून दाखवू?"

"दाखवू नकोस."

सुंदराला मोबाइलवर फोटो पाठवला. निळ्या दोन रेघा आल्या, म्हणजे तिने पाहिला.

२८ डिसेंबर, रविवार

आली. गोदूबरोबर, कळवल्याशिवाय. मी आणि सदू आरसा लावत होतो. ती सरळ त्या खोलीकडे गेली. हाताने दार ढकलून पाहिलं, जड आहे, आवाज करत नाही. आत खिडकीपाशी उभी राहिली. भिंतीवर तळहात ठेवला. पाठमोरी होती, पण खांदे खाली आलेले मला दिसले. म्हटलं, जमलं.

मग ती वळली आणि दाराच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"कुलूप आहे. आतून खटका, बाहेरून चावी."

"बाहेरून चावी कशाला?"

"इमर्जन्सीला. तुला आत काही झालं, चक्कर आली, तर..."

"चावी कुठे आहे?"

माझ्या खिशात होती. सकाळपासून होती. किल्ल्यांच्या जुडग्यात घातलेली, वर्कशॉपच्या चावीशेजारी. मी खिशात हात घातला आणि तसाच राहिलो. हात बाहेर काढला की जुडगा वाजणार, हे मला कळत होतं. तिच्याही लक्षात आलं. तिने हात पुढे केला नाही, मागितली नाही. रागावलीही नाही, ते जास्त वाईट.

"चल गोदे," म्हणाली.

गोदू निघताना माझ्याजवळ थांबली. "दाजी, एवढं सगळं केलंत हो," म्हणाली, आणि पुढचं वाक्य न बोलता गेली.

सदू आरसा धरून उभाच होता. "शेठ, धरू का ठेवू?"

२९ डिसेंबर

सकाळी सदूच्या आधी साइटवर पोचलो. स्वतः कुलूप काढलं. बाहेरचं भोक लाकडाने बुजवलं, घासलं, पॉलिश मारलं. आत जुन्या पद्धतीची पितळी कडी बसवली. बाहेरून या दाराला धरायला एक मूठ, बाकी काही नाही. तिला चक्कर आली तर दार फोडावं लागेल. हा विचार दिवसभर गेला नाही. इतर माणसांच्या घरात बायका अशाच बसत असतील आणि नवरे असेच बाहेर असतील, त्यांना कसं जमतं ते कुणाला विचारू?

फोटो पाठवला नाही. गोदूला फोन केला. "तिला सांग, बाहेरून काही नाही."

"मी का सांगू? तुम्ही सांगा."

सुंदराला फोन केला. सांगितलं. ती "बरं" म्हणाली. त्या "बरं"मध्ये काय होतं ते मला कळलं नाही. कुणाच्या आवाजातलं मला कळलं नाही असं फार वर्षांनी झालं.

३ जानेवारी

खुर्च्या, चटया, जेवण सगळं शिरगावात पोचलं. प्रज्वल सकाळीच पुण्याहून आला. घर बघून म्हणाला, "पप्पा, युनिक आहे." मी म्हटलं, "खरं सांग." म्हणाला, "विकलं जाणार नाही. पण युनिक आहे." मग विचारलं, "मम्मी कधी येतेय?"

"उद्या."

तिने तसं सांगितलेलं नाही.

४ जानेवारी, रविवार

दहाला पाहुणे यायला लागले. जो तो विचारतो, "वहिनी कुठंयत?" मी म्हणतो, "येतायत, फुलं घेऊन." अकराला बौद्धाचार्य आले, त्यांनी घड्याळ पाहिलं. मी म्हटलं, "पाच मिनिटं." बुद्धमूर्तीपुढच्या मेणबत्त्या लावायच्या राहिल्या होत्या. लिफ्ट आली की माझे कान तिकडे. दर वेळी दुसराच कुणी.

मग जिन्याने पावलं आली. लिफ्ट सोडून जिन्याने, चार मजले. टाचेवर जरा जोर देणारी चाल. मी गर्दीत होतो, तोंडाने कुणाशी तरी बोलत होतो, आणि मला रडू आलं.

पांढरी साडी, हातात पिशवी, मागे धापा टाकणारी गोदू. "तुमच्या लिफ्टला लाइन केवढी हो," सुंदरा सगळ्यांना म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. पुढे येऊन मेणबत्ती पेटवली. त्रिशरण, पंचशील झालं. तिचा आवाज सगळ्यात वर होता. जेवणं झाली. बायकांनी खोलीचं दार उघडून पाहिलं आणि विचारलं, "हे काय गं, स्टोअर?" ती म्हणाली, "माझी खोली." एकजण हसली, दुसरी हसली नाही. ती दुसरी बराच वेळ आत उभी राहिली.

संध्याकाळी गोदू निघाली, तिची पिशवी घेऊन. सुंदराची पिशवी राहिली.

११ जानेवारी, रविवार

आठवडा झाला. जेवण झालं की ती आत जाते, कडी लागते. कडी मला ऐकू येते, त्यानंतरचं काही नाही. पहिल्या दिवशी मी टीव्ही मोठा केला, म्हणजे मी ऐकत नाही हे तिला कळावं. मग लक्षात आलं की तिलाही माझा टीव्ही ऐकू येत नाही. बंद केला.

आज चहा मी केला. दोन कप घेऊन दारापाशी गेलो. स्वतःच्या घरात दार वाजवायची वेळ आयुष्यात आली नव्हती. हात कसा धरायचा तेच कळेना. कप एका हातात धरले, बोटाच्या पेरांनी वाजवलं.

आतून, लांबून, "कोण?"

दोनच माणसं राहतो इथे. मी म्हटलं, "मी."

काही नाही.

"धर्मराज," मी म्हटलं. "चहा आणलाय."

"थांबा जरा."

मी थांबलो. कशासाठी, ते विचारलं नाही. दाराशी उभं राहिलं की कान लागतो, म्हणून कप घेऊन ओट्यापाशी गेलो आणि तिच्या कपावर बशी झाकून ठेवली.